तीन थरांचा केक आणि मागच्या नव्या स्प्रिंगा

शुक्रवार, २७ डिसेंबर. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. संगमनेर.

गाडीत हजर: प्रमोद, म्हणजे माझे मिस्टर, चालक. मी, रेखा, केकला जबाबदार. तीन खोकी, त्यांत लग्नाच्या केकचे तीन थर: मोठा, मधला, धाकटा. एका डब्यात आयसिंगचे जादा गुलाब, पंधरा.

गैरहजर, आणि माझ्या सांगण्यावरून गैरहजर: सासूबाई, दीर दिलीप, जाऊ सुनंदा, त्यांची दोन मुलं आणि आमची मुलगी. हे सहा जण सहाच्या एसटीनं पुढे रवाना झाले होते. गाडी केकसाठी रिकामी ठेवायची, हा निर्णय माझा. तो पंधरा दिवस आधी यादीत लिहून त्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या, आणि सासूबाईंनी चष्मा लावून तो वाचला होता.

"म्हणजे केकला गाडी आणि मला एसटी," त्या म्हणाल्या.

"आई, केकला धक्का चालत नाही."

"मला चालतो," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला.

जायचं होतं शेवगावला, माझ्या थोरल्या बहिणीकडे, लीलाताईकडे. तिच्या धाकट्या मुलीचं, एस्तेरचं, लग्न शनिवारी चर्चमध्ये होतं आणि शुक्रवारी हळद. लग्नाचा केक मावशीनं करायचा, ही आमच्या घरातली रीत आईच्या वेळेपासूनची. तीन वर्षांपूर्वी थोरल्या भाचीचा केकही मीच केला होता. तेव्हा आमची गाडी वळणावर भरल्या घागरीसारखी कलायची. अशाच एका वळणावर ती डावीकडे कलली आणि केक तिच्याबरोबर गेला. शेवगावात पोचला तो पातेल्यातून. लोकांनी तो वाट्यांमधून चमच्यानं खाल्ला आणि चव फार छान आहे असं सांगितलं. फोटोत नवरा-नवरी हातात सुरी घेऊन एका पातेल्यापुढे उभे आहेत. तो फोटो लीलाताईनं हॉलमध्ये लावला आहे.

या वेळी तिचा फोन नोव्हेंबरातच आला. "रेखा, एस्तेरचा केक आम्ही नगरच्या बेकरीतून मागवतो. तुला उगाच त्रास नको."

एस्तेरनं मागून फोन हिसकावून घेतला. "मावशीचा नसेल तर मला केकच नको!"

तेव्हा ठरलं ते असं: केक मी आणायचा, पण तो उभा पोचला पाहिजे. नाही पोचला तर यापुढे घरातल्या सगळ्या लग्नांचे केक बेकरीचे. लीलाताई असं स्पष्ट बोलली नाही. "बघू या वेळी" एवढंच म्हणाली. पण आम्ही दोघी एकाच आईच्या मुली, मला कळलं.

म्हणून आधी गाडी सुधारायला घेतली.

आमची गाडी बारा वर्षांची, साधी घरगुती. प्रमोद महिनाभर मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होते आणि जेवताना 'बॉडी रोल' हा शब्द भाजीबद्दल बोलावं तितक्या सहज बोलत होते. शेवटी बसस्टँडमागच्या हमीदभाईंच्या गॅरेजमध्ये गाडी दोन दिवस ठेवली. मागे जाड स्प्रिंगा, चारही चाकांना कडक शॉकअब्झॉर्बर, आणि पुढे एक जाड आडवा दांडा, जो गाडीला वळणावर झुकू देत नाही. सामान मागवण्याआधी हमीदभाईंनी नीट चौकशी केली.

"भाऊ, एरवी गाडीत माणसं किती बसतात?"

"आठ," प्रमोद म्हणाले. "पोरं मांडीवर. शिवाय गावाकडून येताना गव्हाचं पोतं."

"दोन पोती," मी दुरुस्ती केली. माहिती द्यायची तर पूर्ण द्यावी, असं माझं मत आहे.

काम झाल्यावर आम्ही चाचणीही घेतली. आठही जण बसून चंदनापुरी घाटात वर-खाली दोन फेऱ्या. गाडी वळणावर सुतासारखी सरळ. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: "कलत नाही. दचके नाहीत. सासूबाईंना मळमळ नाही. पास."

घाटात आठ जण होते आणि आता दोन, हा फरक माझ्या कुठल्याच यादीत नव्हता.

लोणीपर्यंत

मागची सीट आडवी पाडून त्यावर प्लायवूड, प्लायवूडवर गादी, गादीवर ओलं फडकं, आणि त्यावर तिन्ही खोकी. अशी जागा मला स्वतःला कधी बसायला मिळाली नाही. मोठ्या थराच्या कडेनं आणि वर मिळून चाळीस गुलाब होते. नाताळच्या करंज्या तळून झाल्यावर रोज दुपारी बसून मी ते केले होते.

गावाबाहेर पडतानाच पहिला स्पीडब्रेकर लागला. गाडी त्यावरून गेली नाही. तिनं उडी मारली. पुढची चाकं नीट उतरली, मागची मात्र बकरीसारखी दोन्ही पाय झाडून खाली आली. मागे टप्प, टप्प, टप्प असा आवाज झाला. मी वळून झाकण उघडलं. तीन गुलाब गळाले होते.

"नवीन सामान आहे," प्रमोद म्हणाले. "जरा बसावं लागतं."

"कधी बसेल?"

"पाचशे किलोमीटरनंतर."

शेवगाव त्याच्या निम्म्यावरही नव्हतं.

वळणं मात्र गाडी झकास घेत होती. प्रत्येक वळणाला प्रमोद "बघ" म्हणायचे. मी बघत होते, पण मागे. रस्ता सपाट दिसत होता तिथंही काहीतरी असायचं, कुणी पाइपलाइन टाकून बुजवलेला चर, कुणाच्या लग्नाच्या मांडवाचे खड्डे, आणि गाडी त्यातला प्रत्येक खड्डा आम्हाला सांगून मगच पुढे जायची. बाराएक वर्षं याच रस्त्यानं मी ताईकडे जात आले. रस्त्याला इतकं काही सांगायचं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

लोणीत थांबून मोजले. पाच गुलाब गेले. जाद्यांतले पाच लावले. उरले दहा.

कोल्हार

कोल्हारच्या पुलाजवळ आम्ही भेळ खायला थांबलो. यादीत भेळ साडेआठची होती, खाल्ली नऊला. भेळेत ओल्या हरभऱ्याचे दाणे होते आणि मिरची अशी की प्रमोदचे डोळे भरून आले. मला वाटलं त्यांना गाडीचं वाईट वाटतंय, म्हणून मी सांत्वन करायला लागले. ते म्हणाले, "पाणी दे."

मग मोजणी. एकूण अकरा गुलाब गळाले होते, जाद्यांतले चार उरले होते. आणि मधल्या थराला कडेपासून आत एक केसाएवढी भेग गेली होती. ती मी प्रमोदना दाखवली. त्यांनी बोटानं चाचपून बघायला हात पुढे केला, मी तो धरला.

"टायरची हवा तरी कमी करा," मी म्हटलं. "तुम्ही कालच टम्म भरून आणलीत."

हवा कमी केली. थोडा फरक पडला, म्हणजे बकरीऐवजी मेंढी झाली. मग मी हमीदभाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"भाई, गाडी मागनं उडतेय."

"उडते? घाटात तर लोण्यासारखी चालली म्हणाल्या वहिनी तुम्ही. आत्ता आत माणसं किती?"

"आम्ही दोघं."

"मागं?"

"मागे केक."

पलीकडे पाना आपटल्याचा आवाज आला.

"वहिनी," हमीदभाई म्हणाले, "तुम्हीच सांगितलं ना, आठ माणसं आणि दोन पोती? मी त्या हिशोबानं स्प्रिंग टाकल्या. त्यांना दाबायला वजनच नाही तर त्या उड्या मारणार, दुसरं काय करणार? मोकळी गाडी न्यायची होती तर जुन्याच बऱ्या होत्या."

"मग आता?"

"आता गाडी भरा."

प्रमोदनी माझ्याकडे पाहिलं. सहा माणसांचं वजन आम्ही सकाळी सहा वाजता स्वतःच्या हातानं एसटीत चढवलं होतं. मी दिलीपला फोन केला. एसटी कधीच पुढे निघून गेली होती, आणि सासूबाईंना खिडकी मिळाली नव्हती, एवढी माहिती मिळाली.

राहिली राहुरीची मालनआत्या.

मालनआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिलाही या लग्नाला यायचं होतं. आठवड्यापूर्वी तिनं फोनवर विचारलं होतं, "जाता जाता आमाला उचलता का गं?" आणि मी सांगितलं होतं, "आत्या, या वेळी गाडीत जागा नाही." आता त्याच आत्याला फोन लावायचा होता.

"आत्या, निघालात का?"

"कशी निघू? साडेअकराची गाडी हाय. का गं?"

"तुम्ही आमच्याच गाडीत या. आतोबांनाही घ्या."

"आता कशी जागा झाली?"

"झाली."

"केक खाल्ला व्हय तुमी दोघांनी?"

"नाही, आत्या. या ना तुम्ही."

"असं न्हाई. आधी न्हाई म्हनलीस, तर आता नीट बोलव. मानानं."

पुलाच्या कडेला, एका उसाच्या ट्रॅक्टरच्या कर्ण्यावरची गाणी ऐकत, मी मोठ्यानं म्हटलं, "आत्या, तुम्ही आणि आतोबा आमच्या गाडीत बसून लग्नाला येण्याची कृपा करा."

"येतो," आत्या म्हणाली. "पन सामान लई हाय बरं का."

"किती?" मी विचारलं. कुणाच्या सामानाबद्दल मी इतक्या आशेनं आयुष्यात पहिल्यांदाच विचारत होते.

राहुरी

आत्याचा मळा गावाबाहेर, मुळा धरणाच्या कालव्याला लागून आहे. तिथवरच्या कच्च्या रस्त्यावर मी धाकटा थर मांडीवर घेऊन बसले आणि मधला प्रमोदच्या जॅकेटमध्ये गुंडाळला. मोठ्याला प्रभूच्या हवाली केलं.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. ऊस भरलेली बैलगाडी समोर आली की काटा स्थिर व्हायच्या आत ते वजन सांगायचे, अशी त्यांची ख्याती. निवृत्त झाले तरी डोळा निवृत्त झालेला नाही. आम्ही पोचताच त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मागच्या बाजूला उभं राहून पाठीमागे हात बांधले आणि म्हणाले, "मागनं उचललीया. मोकळी हाय."

मी सगळी हकीकत सांगितली. हकीकतीचा परिणाम त्यांच्यावर असा झाला की ते दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले.

"किती पायजे म्हनला मिस्तरी?"

"आकडा नाही सांगितला. आठ माणसं आणि दोन पोती, त्यातले निम्मे तरी."

"मागं दोन-सव्वादोन क्विंटल," आतोबांनी निकाल दिला. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू बासष्ट."

"एकसष्ट," मी म्हटलं.

"साडी धरून बासष्ट. तू पुढं बस, तुजा मागं उपेग न्हाई. जावई अट्ट्याहत्तर, पन त्ये चालवनार. मी पंचावन. आता..." ते थांबले आणि घराच्या दाराकडे पाहू लागले. दारात मालनआत्या नवी पैठणी नेसून उभी होती.

"बोला की," आत्या म्हणाली. "आज चाळीस वर्सं बोलताय, आजच का जीभ अडली?"

"पंच्याऐंशी," आतोबा हळू आवाजात म्हणाले.

आत्या माझ्याकडे वळली. "म्हंजी मला वजनाला न्यायला आलीस व्हय गं?"

प्रमोद टायरकडे बघायला लागले.

"मग आधी जेवा," आत्या म्हणाली. "रिकाम्या पोटी वजन भरत न्हाई."

आमच्या संगमनेरला दहा वाजता पाहुणा आला तर आधी "चहा घेणार का?" असं विचारतात आणि पाहुणा "आत्ताच झाला" म्हणतो. राहुरीच्या मळ्यात विचारत नाहीत; ताट आणतात. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, कच्चा कांदा, आणि वर नाताळच्या उरलेल्या चकल्या. यादीप्रमाणे आम्ही या वेळी सोनईत असायला हवं होतं. पण शेंगोळ्यांचा लसणाचा रस्सा असा होता की मी यादीची घडी घालून पर्समध्ये टाकली. प्रमोदनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा आतोबा म्हणाले, "असू द्या. पुढच्या एक्सलवर जाईल."

मग भरणी. मागची सीट पुन्हा उभी केली. डिकीत लीलाताईसाठी घरच्या बाजरीचं पोतं, पन्नास किलो. आणि जातं. आमच्यात हळदीच्या दिवशी हळद जात्यावर दळतात, आणि गेली कित्येक लग्नं ती मालनआत्याच्याच जात्यावर दळली गेली आहे. एसटीनं जायचं म्हणून ते बिचारं या वेळी घरी राहणार होतं. आतोबांनी डाव्या सीटकडे बोट दाखवलं, "मालन हिकडं," मग डिकीच्या उजव्या कोपऱ्यात जातं ठेवायला लावलं, "ह्ये तिच्या पासंगाला." आत्यानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

खोक्यांना आता जागा उरली नव्हती. मोठं खोकं आत्याच्या मांडीवर, मधलं आतोबांच्या, धाकटं माझ्या. दारं लावण्याआधी आत्यानं डोळे मिटून प्रार्थना केली. ती माझ्या ऐकण्यातली सर्वांत थोडक्यात आटोपलेली प्रार्थना होती: "प्रभू, गाडी तुझ्या हाती, केक माझ्या हाती. आमेन. चला."

मळ्याच्या कच्च्या रस्त्यावर गाडी निघाली. पहिला खड्डा आला. मी खोकं घट्ट धरलं. गाडी खाली गेली, वर आली आणि गप्प राहिली. दुसरा आला, तसंच. येताना बकरी होती ती जाताना चांगली दुभती म्हैस झाली होती.

"बघ," प्रमोद म्हणाले. या वेळी मी पुढे बघितलं.

घोडेगावच्या पुढे

सोनईपर्यंत एकही गुलाब गळाला नाही. मी दर दोन-तीन किलोमीटरला मागे वळून, आत्याच्या खोक्याचं झाकण उचलून मोजत होते. चौथ्यांदा आत्या म्हणाली, "उघडंच ऱ्हाऊ दे की. मीबी बघते जरा. कितीदा उचलशील?" मी झाकण काढून पायाशी ठेवलं. ही माझी चूक.

घोडेगाव मागे टाकून आम्ही शेवगावच्या आडरस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना तूर, मध्येच पिवळी पडलेली ज्वारी, आणि रस्त्यावर ऊस. हंगाम भरात होता. समोर दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर चालला होता, मागच्या ट्रॉलीचा ऊस एका अंगाला उतरलेला.

आतोबा मागून म्हणाले, "जावई, जरा लांब ऱ्हावा. डाव्या अंगाला दीड टन जादा हाय तिच्या."

"तुम्हाला काय माहीत?" प्रमोदनी विचारलं.

याचं उत्तर ट्रॉलीनं दिलं. तिचं डावं चाक खड्ड्यात गेलं, वरची मोळी सुटली आणि धबाधब ऊस रस्त्यावर आमच्यापुढे आडवा झाला. प्रमोदनी गाडी उजवीकडे काढली, समोरून मोटारसायकल आली, तशी पुन्हा डावीकडे घेतली. जुनी गाडी असती तर एव्हाना आम्ही तुरीत असतो आणि केक आमच्या केसांत. पण गाडी कुठंही कलली नाही. आम्ही चौघं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे झालो. ती सरळ उभी राहून दोन्ही वेळा पुढे गेली. महिनाभर जेवताना मी जे ऐकलं त्याचा अर्थ मला त्या चार सेकंदांत कळला.

पुढे जाऊन थांबलो. मी आधी माझं खोकं पाहिलं. ठीक. आतोबांनी मधलं खोकं दोन्ही हातांनी मांडीवरून वर, हवेत उचलून धरलं होतं आणि अजून खाली ठेवलं नव्हतं.

"आत्या?" मी विचारलं.

"केक उभा हाय," आत्या म्हणाली. "पन माजा अंगठा आत हाय."

होता. मोठ्या थराच्या कडेला, पेरापर्यंत. तो कुणी आणि कसा काढायचा यावर आमची रस्त्याकडेला पाच मिनिटं चर्चा झाली. आत्यानं मध्येच सांगितलं की बेदाणे लागतायत आणि मऊ आहेत. शेवटी मी अंगठा हळूच फिरवून सोडवला. भोकावर तीन गुलाब बसवले. जाद्यांतला एक उरला.

आत्यानं अंगठा चाटला. "चांगला झालाय गं. लीलीला सांगते मी."

"अंगठ्याचं सांगू नका," मी म्हटलं.

शेवगाव

संगमनेरला लग्नाचा केक मागच्या दारानं आत नेतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला दाखवत नाहीत. शेवगावात, निदान लीलाताईच्या सासरी, तो वाजतगाजत आणतात. गाडी गल्लीत शिरताच हलगी सुरू झाली. दीडशे किलोमीटर धक्क्यांपासून जपलेला केक शेवटची वीस पावलं हलगीच्या तालावर गेला. एस्तेर हळदीच्या साडीत पळत आली. लीलाताई मांडवात टेबलापाशी उभी होती. मी तिच्यासमोर तिन्ही थर एकावर एक चढवले. मधल्या थरातली भेग भिंतीकडे ठेवली. मग मागे सरले.

लीलाताईनं टेबलाला एक फेरी घातली. गुलाबांपाशी जरा थांबली. "इथं जास्त दाटी झालीय," म्हणाली.

"तशी पद्धत आहे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग एकदम हसली आणि माझ्या गालाला हळदीचं बोट लावलं. "उभा आहे गं, रेखा. पुढच्या वर्षी पोराचं, डॅनियलचं, बघतोय. चार थर जमतील का?"

मी जिंकले होते. हलगी वाजत होती, आणि मला खरोखरच नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात माझी नजर मांडवाच्या पहिल्या रांगेत गेली. तिथं सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या एका हातात एसटीचं तिकीट अजून होतं. आमची गाडी त्यांच्या बरोबर समोर उभी होती आणि दिलीप व प्रमोद ती रिकामी करत होते.

त्यातून आधी मालनआत्या उतरली. मग आतोबा उतरले. मग बाजरीचं पोतं. मग जात्याची वरची पाळी. मग खालची पाळी. मग खुंटा. मग आत्यानं आयत्या वेळी कोंबलेली कांद्याची पिशवी, जिच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. सासूबाई प्रत्येक वस्तूकडे बघून मान थोडीशी हलवत होत्या. मी त्यांच्यापाशी गेले.

"आई, ते असं झालं की..."

"जागा नव्हती ना," त्या म्हणाल्या.

"मी सांगते, विहीनबाई," मालनआत्या मध्येच आली. तिचा हेतू अतिशय चांगला होता. "रेखाची गाडी मागनं उडत हुती. तिला वजन पायजे हुतं, म्हनून आमाला घेतलं. न्हाईतर कोन घेतंय!"

"मग मलाच का नाही घेतलं?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मी तर घरातच होते."

इथंही मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पण आतोबांनी त्यांना एकवार पाहिलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं सांगून टाकलं, "बेचाळीस किलो. तुमचा काय उपेग न्हवता."

परत

लग्न छान झालं. केक कापला तेव्हा सुरी एकदा अंगठ्याच्या भोकाशी अडखळली, पण बेदाणे मऊ होते. नवा फोटो पातेल्याच्या फोटोशेजारी लागणार आहे, असं लीलाताई म्हणाली. शेवगावकडे मटणाच्या रश्श्यात तीळ भाजून घालतात, आमच्याकडे नाही. कृती लिहून आणली आहे.

रविवारी निघताना मी पुढचं दार उघडून उभी राहिले. "आई, तुम्ही पुढे बसा. मी मागे आत्याशेजारी बसते." सासूबाईंनी पदर सावरला. "नको. मी एसटीनं जाते. तिकडं कुणी वजन विचारत नाही." दिलीप त्यांच्यामागे पिशवी घेऊन धावला. राहुरीपर्यंत गाडी सुरेख आली. आत्या, आतोबा आणि जातं उतरल्यावर संगमनेरपर्यंत आम्ही दोघं उड्या मारत आलो आणि एकमेकांशी फारसं बोललो नाही, कारण जीभ चावली जात होती.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे उरलेल्या कामांची यादी केली. खोकी धुऊन ठेवणे, झालं. टायरची हवा, झाली. हमीदभाईंना विचारून मागच्या स्प्रिंगा बदलणे, त्यांनी पुढचा मंगळवार दिला आहे आणि या वेळी माणसं किती ते लेखी मागितलं आहे. मी 'दोन ते आठ' असं लिहून दिलं, ते म्हणाले असं नसतं. रश्श्याची कृती सुनंदाला देणे, झालं.

शेवटचं काम: सासूबाईंशी बोलणे. त्यासाठी मी सोमवारी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी कप घेतला, "ठेव" म्हणाल्या आणि पेपर वाचू लागल्या. मंगळवारी आलं घालून नेला. तोही घेतला. आज बुधवार. चहाबरोबर करंजीही ठेवली होती. बशी रिकामी परत आली, पण बोलणं अजून झालेलं नाही.